फास्टॅगला सेल (बॅटरी) नसतोच
गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगचा सेल संपला तर काय, असं काहीजण विचारतात. अहो, त्यात सेल नसतोच! टोलनाक्यावरचा रीडर 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी सोडतो, त्यावरच चिप जागी होते आणि तीच लहर कमीजास्त परतवून आपला नंबर कळवते. जुना टॅग सोलून बघा, आत नागमोडी अँटेना आणि तिळाहून लहान चिप दिसेल.

खरी गंमत पुढे आहे. पाणी किंवा धातू जवळ आला की अँटेनाचा सूर बिघडतो, म्हणजे ती रीडरच्या लहरीशी नीट जुळत नाही. टोलवर हा वैताग, पण सेन्सरवाले नेमका हाच दोष वापरतात: सूर किती ढळला, त्यावरून ओल कळते. असा टॅग भिंतीत बसवला की मुरणारं पाणी वायरीशिवाय तपासता येतं. रीडर मात्र काही मीटरच्या आत हवा, त्यामुळे शेतभर पसरायचं असेल तर सेलवालं लोराच (लांब पल्ल्याचं, कमी वीज खाणारं रेडिओ तंत्र) बरं.