घरच्या राउटरमधल्या नॅटवर फायरवॉल म्हणून भरवसा ठेवावा का?

दांडियाबाजारकर
वडोदऱ्यात दांडिया बाजारला खाली हिशेबाचं ऑफिस, वर घर. दोन्हीला मिळून एकच फायबर लाइन आणि इंटरनेट कंपनीनं दिलेला एकच डबा (राउटर). त्यावर ऑफिसचे तीन पीसी, टॅलीचा सर्व्हर (वरून काम करता यावं म्हणून त्यावर रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरचा पडदा वापरायची सोय, चालू), कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डीव्हीआर, टीव्ही आणि घरातले मोबाइल. लाइन लावणाऱ्यानं डीव्हीआरसाठी ८० आणि ५५४ पोर्ट फॉरवर्ड केलेत (बाहेरून त्या पोर्टवर आलेलं थेट डीव्हीआरकडे जावं म्हणून), यूपीएनपी (उपकरणांनी स्वतःच पोर्ट उघडून घ्यायची सोय) चालू ठेवलंय. त्याचं म्हणणं, नॅट आहे, बाहेरचं कुणी आत येत नाही, वेगळी फायरवॉल कशाला? डब्याच्या स्टेटस पानावर वॅन (इंटरनेटकडच्या बाजूचा) आयपी १००.७२ पासून सुरू होतो. टॅलीत अशिलांचे पॅन, बँक खाती सगळं आहे. काय करावं?

पॅकेटपारखी
नॅट फक्त पत्ते बदलतं: आतल्या खासगी पत्त्याच्या जागी डब्याचा पत्ता घालतं. बाहेरचं पॅकेट अडतं ते दोन वेगळ्या गोष्टींमुळे: राउटरच्या कनेक्शन टेबलात त्याची नोंद नसते, आणि नोंद नसलेलं टाकून द्यायचा नियम कुणीतरी लिहिलेला असतो. हा नियम आहे की नाही, हे तपासायचं.

बहुतेक घरगुती डब्यांत लिनक्सच असतं. तिथे मास्करेड (पत्ते बदलायचा नियम) नॅट टेबलात बसतं, अडवणूक फिल्टर टेबलाच्या फॉरवर्ड चेनमध्ये, म्हणजे डब्यातून आरपार जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांच्या यादीत. मास्करेड चालू आणि फॉरवर्डची पॉलिसी ॲक्सेप्ट असली तरी इंटरनेट व्यवस्थित चालतं, कुणाला शंकाही येत नाही. पण वॅनकडच्या त्याच सेगमेंटवरून कुणी १९२.१६८.१.१० साठीचं पॅकेट तुमच्या डब्याकडे ढकललं, तर डबा ते मुकाट्यानं आत पोचवतो, कारण त्या नेटवर्कचा रस्ता त्याला माहीत आहे. लांबच्या माणसाला हे जमत नाही, ते खासगी पत्ते इंटरनेटवर रूट होत नाहीत म्हणून. फॉरवर्ड चेनचा क्रम असा हवा: एस्टॅब्लिश्ड आणि रिलेटेड (आधीच चालू असलेल्या कनेक्शनची पॅकेटं) आत येऊ द्या, इनव्हॅलिड टाका, लॅनकडून (आतल्या नेटवर्ककडून) वॅनकडे जाऊ द्या, उरलेलं सगळं टाका.

शिवाय डबा स्वतःही लक्ष्य असतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराई या मालवेअरच्या एका प्रकारानं पोर्ट ७५४७ (कंपनी लांबून राउटर सांभाळते ते पोर्ट) वरून राउटरांवरच हल्ला चढवला आणि जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची लाइन बसली. त्या घरांमध्येही नॅट होतंच. तेव्हा वॅनकडून डब्याचं सेटिंगचं वेब पान, टेलनेट, एसएसएच (लांबून लॉगिन करायचे मार्ग) बंद करा. यूपीएनपी आजच बंद करा, त्यातून आतलं कुठलंही उपकरण पासवर्डशिवाय पोर्ट उघडून घेऊ शकतं. एसआयपी एएलजी (इंटरनेट फोनसाठी पॅकेट वाचून पोर्ट उघडणारी डब्यातली सोय) सुद्धा बंद करा. २०२० च्या नॅट स्लिपस्ट्रीमिंग या हल्ल्यात नुसतं वेबपान उघडल्यावर याच एएलजीला फसवून आतलं पोर्ट उघडलं जात होतं. ब्राउझरांनी मग ५०६० सारखी पोर्ट अडवली, पण मूळ दुखणं डब्यातच आहे.

करेलीबागची_तार
वॅन आयपीकडे नीट बघा. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा आरएफसी ६५९८ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजानं २०१२ मध्ये प्रोव्हायडरांच्या मोठ्या नॅटसाठी राखून ठेवला. म्हणजे पब्लिक आयपीव्ही४ पत्ता तुम्हाला मिळालेलाच नाही आणि ते पोर्ट फॉरवर्ड इंटरनेटवरून चालतच नाहीत. मोबाइलवर कॅमेरे दिसतात ते डीव्हीआर स्वतः बाहेरच्या क्लाउड सर्व्हरशी कनेक्शन धरून ठेवतो म्हणून. आतून निघालेल्या कनेक्शनला नॅट कधीच अडवत नाही. पीसीत शिरलेला मालवेअरही याच वाटेनं मालकाशी बोलतो. फॉरवर्ड काढून टाका, काही बिघडणार नाही. पुढे कधी स्टॅटिक आयपी घेतलात तर मात्र तीच विसरलेली फॉरवर्ड त्या दिवशी जिवंत होतील.

खरी काळजी आयपीव्ही६ ची, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीची. तिथे नॅट नसतं, प्रत्येक पीसीला जगभरातून पोचता येईल असा पत्ता मिळतो. तपासा असं: सर्व्हरवर आयपीकॉन्फिग चालवून २ नं सुरू होणारा पत्ता टिपा, एफई८० वाला नको. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या, मोबाइलचं वायफाय बंद, आणि लॅपटॉपला आयपीव्ही६ मिळतंय याची खात्री करा. मग एनमॅप (पोर्ट तपासायचं साधन) आयपीव्ही६ मोडमध्ये, आधीची पिंग तपासणी वगळून, ८०, ४४५ (फाइल शेअरिंग), ५५४, ३३८९ (रिमोट डेस्कटॉप) वर चालवा. डीव्हीआरचा पत्ताही तसाच तपासा.

निकाल वाचताना एक गोष्ट: ‘क्लोज्ड’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. डबा स्वतः रीसेट (नकाराचं उत्तर) पाठवत नसेल, तर क्लोज्डचा अर्थ पॅकेट आतल्या मशीनपर्यंत गेलं आणि मशीननं नकार दिला. ‘फिल्टर्ड’ (काहीच उत्तर नाही) हवं. पण विंडोजची फायरवॉलही गप्पच राहते, त्यामुळे फक्त विंडोजच्या निकालावरून डबा अडवतोय असं धरू नका.

दांडियाबाजारकर
केलं. सर्व्हर: ३३८९ ओपन, बाकी फिल्टर्ड. डीव्हीआर: ८० आणि ५५४ ओपन, ४४५ क्लोज्ड. डब्यात ‘आयपीव्ही६ फायरवॉल’चा लेव्हल ‘लो’ आहे.

पॅकेटपारखी
म्हणजे आयपीव्ही६ ला तुमचा डबा काहीच अडवत नाहीये. लेव्हल ‘हाय’ करा आणि पुन्हा एनमॅप चालवा. नुसत्या नावावर विसंबू नका. आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६ चे सूचना-संदेश) सरसकट अडवू नका, ‘पॅकेट टू बिग’ अडलं की काही साइट अर्धवट उघडून लटकतात.

सर्व्हरवर आजच: विंडोज फायरवॉलच्या इनबाउंड नियमांत रिमोट डेस्कटॉपच्या टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही नियमांची प्रॉपर्टीज खिडकी उघडा, स्कोपमध्ये रिमोट पत्ता ‘लोकल सबनेट’ करा. मूळ नियमात तो ‘एनी’ असतो, म्हणूनच ३३८९ उघडं दिसलं.

मग ऑफिससाठी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत लिनक्स प्रणाली) चालणारा स्वतःचा राउटर घ्या. त्याचं वॅन पोर्ट कंपनीच्या डब्याच्या लॅन पोर्टला जोडा. डीव्हीआर, टीव्ही, मोबाइल बाहेरच्या डब्यावर, टॅली आणि पीसी आतल्या राउटरवर. उलट केलंत तर फायदा नाही, कारण आतला बाहेरच्याला गाठू शकतो, बाहेरचा आतल्याला नाही. आतल्याचं सबनेट वेगळं ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.५०, दोन्हीकडे १९२.१६८.१ राहिलं की लाइन चालत नाही आणि दोष केबलला जातो. ओपनडब्ल्यूआरटीत वॅन झोनचं इनपुट आणि फॉरवर्ड मुळातच रिजेक्ट असतं, आयपीव्ही६ लाही. तो रीसेट पाठवतो, त्यामुळे त्याच्यामागे क्लोज्ड दिसलं तर घाबरू नका.

वरच्या मजल्यावरून टॅली हवी तर या राउटरवर वायरगार्ड (व्हीपीएन) लावा. त्यासाठी वॅनवर फक्त यूडीपी ५१८२० उघडायचं, ३३८९ नाही.

करेलीबागची_तार
डब्याची सेटिंग कंपनी लांबूनही बदलू शकते. फर्मवेअर अपडेट किंवा फॅक्टरी रीसेट झाला की यूपीएनपी आणि तो ‘लो’ पुन्हा बघा.