बंड्याचं कोकलणारं यंत्र

आत्या: काल बंड्याच्या गाडीतलं ते रडार डिटेक्टर की काय ते दीड तास कोकलत होतं. एक पोलीस दिसला असेल तर शपथ. डोकं अजून ठणकतंय.

काका: गाडी मर्यादेत चालवावी, यंत्र लागतच नाही. 🙏

बंड्या: आत्या, त्याला पोलीस ओळखता येत नाही गं, लहरी तेवढ्या कळतात. के बँड म्हणजे लहरींचा एक पट्टा, २४.०५ ते २४.२५ गिगाहर्ट्झ. त्यातच पोलिसांची वेग मोजणारी रडार गन, त्यातच मॉलची आपोआप उघडणारी दारं.

ताई: म्हणजे तू दाराला घाबरून ब्रेक मारतोस 😂

मामी: ताई, बारशाचे फोटो टाकणार होतीस ना?

बंड्या: दारांवर उपाय आहे. जीपीएसवरून जागा आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही लक्षात ठेवतं. तिथून चार खेपा गेलो आणि दर वेळी तेच आलं, की तिथे गप्प बसतं.

आत्या: आणि नेमका त्याच दारापाशी पोलीस उभा असला तर?

बंड्या: त्याच्या गनची फ्रिक्वेन्सी जरा वेगळी असली तर ओरडेल. अगदी जुळली तर... नाही.

मोठे काका: म्हणजे नको तेव्हा बोंब आणि हवं तेव्हा मौनव्रत. आपल्या घरात असे दोघे आहेत, नावं घेत नाही.

काकू: घ्याच नावं.

काका: गाडी मर्यादेत चालवावी, यंत्र लागतच नाही. 🙏

मामा: सिटी मोडवर टाक रे, के बँडचा कान जरा मंदावतो. एवढं साधं कळत नाही?

बंड्या: सिटी मोडवरच होतं, मामा. केए बँड, म्हणजे पोलिसांच्या गनचा दुसरा पट्टा, वाजला असता तर मीच दचकलो असतो, तिथे, ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झमध्ये, दारंबिरं नसतात. काल नुसता के, कधी जोरात, कधी हळू, पण पाठ सोडेना. दार काय गाडीबरोबर धावतं?

ताई: मग काय होतं?

बंड्या: पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरमधलं ब्लाइंड स्पॉट रडार, आरशात न दिसणारी बाजूची गाडी हेरणारं. पुष्कळ गाड्यांत तेही २४ वरच. ते जागा बदलत राहतं, म्हणून तिथे जीपीएसची आठवण कामाची नाही. सिग्नलची चाल बघून गाळणारा फिल्टर लागतो, माझ्यातला जुना आहे.

आत्या: पुढे कोण होतं रे?

ताई: मामा 😂😂

मामा: नव्या गाड्यांत ७७ गिगाहर्ट्झ असतं म्हणे.

बंड्या: काहींत असतं, ते माझ्या यंत्राला ऐकूच येत नाही. पण तू पेट्रोलला थांबून मागे राहिलास, तेवढी वीस मिनिटं इकडे चिडीचूप. आत्याला विचार.

आत्या: खरंय. तेवढाच माझा डोळा लागला होता.

मामी: मी तेव्हाच म्हटलं होतं, ही गाडी नको.

मामा: तो विषय इथे नको.

काका: गाडी मर्यादेत चालवावी, यंत्र

काकू: अहो, फोन ठेवा आता.

आत्या: परत येताना मी मामाच्या गाडीत. बंड्या, तू पुढे हो.