मदत हवी आहे: चाचणीच्या उत्तरपत्रिका पालकांना दाखवाव्यात, असा ठराव शाळेच्या सभेत कसा मांडावा?

नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील एका गावात राहते. माझी मुलगी गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत पाचवीत आहे आणि यंदापासून मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शाळेचा पट ४७ आहे आणि शिक्षक दोन आहेत. पहिली-दुसरी बाई सांभाळतात, तर तिसरी, चौथी आणि पाचवी हे तिन्ही वर्ग एकाच खोलीत गुरुजींकडे बसतात. मागच्या सभेत चाचणीच्या गुणांवरून पालक आणि शिक्षक यांच्यात मोठा वाद झाला, आणि तेव्हापासून दोन्ही बाजू एकमेकांशी कामापुरतेच बोलत आहेत. पुढची सभा येत्या शनिवारी आहे. त्या सभेत मला एक ठराव मांडायचा आहे, पण तो कोणालाही न दुखावता कसा मांडावा हे सुचत नाही, म्हणून येथे विचारते आहे.

ज्यांची मुले इतर मंडळांच्या शाळांत आहेत त्यांच्यासाठी थोडे सांगते. राज्यातील सरकारी आणि अनुदानित शाळांत २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या घेतल्या जातात. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, नंतर संकलित एक आणि संकलित दोन. विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. प्रश्नपत्रिका पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येतात, त्यामुळे गडचिरोलीच्या आणि सिंधुदुर्गाच्या मराठी माध्यमातील मुलांसमोर एकच कागद असतो. तपासतात मात्र वर्गशिक्षकच, आणि प्रत्येक मुलाचे गुण त्यांनाच मोबाइलवरून भरावे लागतात. या चाचणीत कोणी नापास होत नाही. मूल कुठे अडले आहे ते समजावे आणि त्याप्रमाणे शिकवावे, हा तिचा हेतू आहे.

सभेत एका पालकांनी सर्व मुलांचे गुण फलकावर लावा अशी मागणी केली. त्यांनी वर्तमानपत्रात मुलांना किती येते हे पाहणाऱ्या राष्ट्रीय सर्वेक्षणाची जिल्हावार बातमी वाचली होती आणि आपली शाळा त्यात कितव्या क्रमांकावर आहे, असे ते विचारत होते. गुरुजींनी आधी शांतपणे उत्तर दिले. तीन वर्गांच्या तीन विषयांच्या उत्तरपत्रिका तपासून गुण भरण्यात कितीतरी तासिका जातात आणि त्या दिवसांत शिकवणे होत नाही, असे ते म्हणाले. पुढे त्यांचा आवाज चढला. "गुण कमी दिसले की खुलासा आम्ही द्यायचा, गुण चांगले दिसले की कोणी एक शब्द विचारत नाही," असे ते बोलून गेले. त्यावर मागून कोणीतरी म्हणाले, "मग भरलेले गुण खरे कशावरून?" त्यानंतर गुरुजी काही बोलले नाहीत. बारा वर्षे ते या शाळेत आहेत आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की लहान मुलांना स्वतः पलीकडे पोहोचवतात. त्यांचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पालकांचीही बाजू सांगायला हवी, कारण त्यांची धास्ती खोटी नाही. २०२३ मध्ये नियम बदलल्यापासून पाचवी आणि आठवीच्या शेवटी वार्षिक परीक्षा होते. तीत आणि नंतरच्या पुनर्परीक्षेतही मूल अनुत्तीर्ण झाले, तर त्याला त्याच वर्गात ठेवता येते. पाचवीच्याच मुलांकडून नवोदयच्या निवड चाचणीची तयारी करून घ्यायची असते, तिचे ८० प्रश्न दोन तासांत सोडवायचे असतात. शिवाय प्राथमिक शाळेतल्या मुलांना शिष्यवृत्ती परीक्षेचे प्रत्येकी ७५ प्रश्नांचे दोन पेपर आहेतच. ऊसतोडीला किंवा मुंबईला हमालीला गेलेल्या बापाला आपले मूल नेमके कुठे आहे हे समजण्यासाठी गुणांखेरीज दुसरे काय हाती मिळते?

सभेनंतर दोन दिवसांनी मी शाळेत गेले आणि माझ्या मुलीची गणिताची उत्तरपत्रिका पाहायला मागितली. बाईंनी कपाटातून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढून दिला. एक उदाहरण ४०३ वजा १५८ असे होते. मुलीने उत्तर ३५५ लिहिले होते आणि तिथे शून्य गुण होते. मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले, तेव्हा ध्यानात आले की तिने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: आठातून तीन, पाचातून शून्य, चारातून एक. हातचा घ्यायचा असतो हे तिला माहीत असावे, पण दशकाच्या घरात शून्य असल्यावर तो कुठून आणायचा हे समजलेले नाही. बाईंनी आणखी काही उत्तरपत्रिका चाळल्या, तर पाचवीतल्या एकूण चार मुलांचे उत्तर ३५५ निघाले. चौघांचीही चूक एकच होती. अर्ध्या तासाच्या शिकवण्याने ती दूर होण्यासारखी आहे, पण गुणांच्या तक्त्यात ती कोणालाच दिसली नसती. गुण वरिष्ठांकडे जातात आणि उत्तरपत्रिका कपाटात राहतात.

म्हणून मला असे वाटते की गुण फलकावर लावू नयेत, पण प्रत्येक पालकाला त्याच्या मुलाची उत्तरपत्रिका शिक्षकांच्या समोर बसून पाहता यावी. समितीला असा ठराव करता येतो का? त्याला कायद्याचा काही आधार आहे का? दोनच शिक्षक असताना त्यांच्यावर नवा बोजा न टाकता हे कसे बसवावे? आणि मुख्य म्हणजे, गुरुजींना ही आपली झडती वाटू नये यासाठी सुरुवात कोणत्या शब्दांनी करावी? शिक्षकांनीही निःसंकोचपणे लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद (निवृत्त केंद्रप्रमुख)

ताई, आपण योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. आधार भक्कम आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत; मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे पूरक शिकवणे आणि पालकांशी नियमित बैठका घेऊन त्यांना मुलाची उपस्थिती व प्रगती सांगणे, ही दोन्ही त्यांत आहेत. मूल्यमापनाने मुलाला भीती वाटू नये, हे कलम २९ मध्ये आहे; गुण फलकावर लावण्याच्या मागणीला तेवढे उत्तर पुरेसे आहे. मात्र सभेत ही कलमे वाचून दाखवू नका. कलम ऐकले की शिक्षकाला नोटीस आल्यासारखे वाटते, हे मी अनेक शाळांतून पाहिले आहे.

क्रमांक विचारणाऱ्या पालकांना इतकेच सांगा की राष्ट्रीय सर्वेक्षण, म्हणजे ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीचे झाले ते, निवडक शाळांतील नमुन्यावर आधारलेले असते. त्यात जिल्ह्याचे चित्र मिळते. गावच्या शाळेचा क्रमांक त्यातून निघत नाही. आपल्या मुलाचे उत्तर शोधायला तो कागद उपयोगाचा नाही.

बोजाविषयी माझे मत असे की सर्व प्रश्नांचे विश्लेषण मागू नका. प्रत्येक विषयातील जास्तीत जास्त मुलांचे चुकलेले दोनच प्रश्न गुरुजींनी निवडावेत आणि फक्त त्यांवर पालकांशी बोलावे. पुढे तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता बाजूला ठेवून, जे येत नाही त्याप्रमाणे रोज एक तास गटात बसवता येतील. खोली एकच आहे, ही अडचण येथे सोयीची ठरेल. खऱ्या गुणांविषयीही स्पष्ट लिहितो. कमी गुणांबद्दल शिक्षकाची सभेत मानहानी होणार असेल, तर पुढच्या वेळी कमी गुण कागदावर येणारच नाहीत, आणि त्यात नुकसान मुलाचे आहे. सुरुवात आपल्या मुलीच्या ३५५ पासून करा. स्वतःच्या मुलाची चूक आधी पुढे ठेवणाऱ्या पालकावर कोणी संशय घेत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. सभा काल झाली. मी ४०३ वजा १५८ फळ्यावर लिहिले, मुलीचे उत्तर लिहिले आणि ती कुठे अडली ते सांगितले. कायद्याचा उल्लेख केला नाही. गुरुजी काही वेळ बसून होते. मग स्वतः उठून फळ्याजवळ आले आणि त्यांनी काड्यांचे गठ्ठे मांडून शतकाचा गठ्ठा सोडून दाखवला. ज्या पालकांनी फलकाची मागणी केली होती त्यांनीच, "आमच्या पोराचा पेपर बघायला कधी येऊ?" असे विचारले.

ठराव मंजूर झाला. गुण फलकावर लावायचे नाहीत. प्रत्येक चाचणीनंतरच्या दोन शनिवारी शाळा सुटल्यावर उत्तरपत्रिका दाखवायच्या. गुरुजींनी एक अट घातली आणि ती सर्वांना पटली: उत्तरपत्रिका पाहताना मूलही सोबत असावे आणि चूक त्याने स्वतः दुरुस्त करून दाखवावी.

एक अडचण उरली आहे. ऊसतोडीला गेलेल्या सात घरांत सध्या आजी-आजोबाच आहेत आणि त्यांतील बहुतेकांना वाचता येत नाही. त्यांना उत्तरपत्रिका कशी समजावून सांगावी, याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया लिहावा.