फ्रान्सची वाइन कोच टूर: ८ दिवसांत शँपेन, बर्गंडी आणि बोर्दो झेपेल का?

दिंडोरीकर_ताई
मंडळी, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मैत्रिणीबरोबर नाशिकहून जायचा विचार आहे. गाइडसह कोच टूर आहे: पॅरिस, रँस (शँपेन), बोन (बर्गंडी), मग बसनेच बोर्दो आणि शेवटी टीजीव्ही या वेगवान रेल्वेने पॅरिसला परत. मैत्रीण शाकाहारी आहे, वाइन घेत नाही, पण जुन्या वास्तू बघायची तिला आवड आहे. वेळ पुरेल का? तिला कंटाळा येईल का? आणि येताना बाटल्या किती आणता येतात?

घाटरस्ता
पॅरिस-रँस साधारण १४५ किमी, रँस-बोन ३००च्या आसपास. इथवर ठीक आहे. घोडं अडतं ते बोन-बोर्दोला. अंतर ६०० किमीहून जास्त, मधे डोंगराळ भाग, आणि कोचला महामार्गावर ताशी १०० किमीची मर्यादा. शिवाय युरोपच्या नियमाप्रमाणे साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाचं चालवणं ९ तास, आठवड्यातून फार तर दोनदा १०. सगळं टॅकोग्राफवर, म्हणजे गाडीतल्या नोंदयंत्रावर, नोंदलं जातं, त्यामुळे 'जरा रेटा ना दादा' तिथे चालत नाही. तो अख्खा दिवस खिडकीतून बघण्यात जाणार. माझ्या मते बोर्दो काढा आणि त्या दोन रात्री बोन आणि जवळच्या दिजोंला द्या. बोर्दो हवंच असेल तर पॅरिसहून टीजीव्हीने दोन-सव्वादोन तासांत पोचता येतं, तेव्हा ते वेगळं करा.

दुसरं, सप्टेंबर म्हणजे तिकडचा तोडणीचा हंगाम. आपल्याकडे जानेवारी-मार्चमध्ये वाइनरीत पाहुण्यांची झुंबड असते म्हणून तिकडेही तसंच असेल असं धरू नका. छोटे उत्पादक या दिवसांत दार बंद ठेवतात, माणसं बागेत असतात. रँस आणि जवळच्या एपर्ने गावातली मोठी शँपेन घराणी, म्हणजे नामांकित कंपन्या, बहुधा चालू असतात. म्हणून टूरवाल्याकडून प्रत्येक दिवसाचं लेखी घ्या: कोणत्या तळघराचं बुकिंग झालंय, टेस्टिंग किती वाइनचं, रविवार कुठे पडतो. पत्रकात 'पॅनोरमिक ड्राइव्ह' लिहिलं असेल तर बस थांबणार नाही असंच समजा.

चेनिन_ब्लाँ
मैत्रिणीची काळजी नको. रँसला कॅथेड्रल आहे, फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक तिथे व्हायचे. चित्रकार शागालने केलेल्या काचेच्या खिडक्या १९७४ मध्ये बसवल्या. बोनला १४४३ साली स्थापन झालेलं गरिबांचं रुग्णालय, ओतेल-द्यू, रंगीत कौलांच्या छपरासाठी प्रसिद्ध आहे. तुम्ही टेस्टिंगला बसाल तेवढ्या वेळात तिचं ते आरामात बघून होईल, बोनचं जुनं गाव पायी फिरण्याएवढंच आहे.

तळघरात मात्र दोघींनी जाकीट न्या. शँपेनच्या खडूच्या तळघरांत वर्षभर १०-१२ अंश तापमान असतं. रँसच्या पोमेरी या शँपेन घराण्यात खाली उतरायला ११६ पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर आधीच विचारून ठेवा.

टेस्टिंगच्या दिवशी अत्तर लावू नका. वाइन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते खुशाल वापरा, कुणी नावं ठेवत नाही. सगळे पेले गिळत बसलं तर चौथ्या वाइननंतर चव कळेनाशी होते.

खाण्याची पंचाईत खरी आहे. सूप बऱ्याचदा मांसाच्या रश्श्यावर केलेलं असतं, सॅलडमध्ये लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे निघतात. कोंतेसारख्या चीजमध्ये प्राण्यापासून काढलेलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं. 'सां व्हियांद, सां प्वासों' हे कागदावर लिहून न्या: मांस नको, मासे नको. दुपारचं जेवण १२ ते २, त्यानंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद. थेपले आणि चिवडा बॅगेत असूच द्या.

आणि खोली 'ट्विन' हवी हे लिहून घ्या. नुसतं 'डबल' म्हटलंत तर एकच मोठा पलंग मिळेल.

पंचवटी_एक्सप्रेस
व्हिसा: अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. सप्टेंबरसाठी मे-जूनमध्येच भरा, उशीर केलात तर अपॉइंटमेंट मिळणं कठीण जातं. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पासपोर्ट फ्रान्स सोडायच्या तारखेनंतर ३ महिने तरी चालू असला पाहिजे.

दिंडोरीकर_ताई
बोर्दो काढायचं आम्ही जवळजवळ ठरवलं. पण बाटल्यांचं राहिलं.

बॅरलरूम
भारतात माणशी २ लिटर मद्य ड्युटीशिवाय आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की सव्वादोन, मर्यादा ओलांडली. मैत्रीण पीत नसली तरी तिचे २ लिटर वेगळे आहेत, म्हणजे दोघींत चार बाटल्या. प्रत्येकीच्या बाटल्या तिच्याच बॅगेत ठेवा.

बाटल्या चेक-इन बॅगेतच, हँडबॅगेत १०० मिलीहून मोठी बाटली सिक्युरिटीला काढून घेतात. साधी बाटली सव्वा ते दीड किलो भरते. शँपेनच्या बाटलीत ५-६ वातावरणांएवढा दाब असतो, म्हणून काच जाड आणि वजन १.६ किलोच्या घरात. बॅगेचं वजन धरताना हे विसरलं जातं. प्रत्येक बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपड्यांत गुंडाळा, बॅगेच्या मध्यभागी ठेवा, कडेला नको. खरेदी शेवटच्या दोन दिवसांत करा. उन्हात उभ्या बसच्या डिकीत वाइन शिजते आणि बूच वर सरकतं.

खरड_छाटणी
बागायतदाराच्या नजरेने जाणार असाल तर बोनजवळच्या बागा बसमधून नको, उतरून बघा. वेल जेमतेम मीटरभर उंच, हेक्टरी १०,००० च्या आसपास झाडं, ओळींतलं अंतरही मीटरभरच. ट्रॅक्टर ओळीवरून पाय फाकून चालतो. आपल्यासारखं सर्रास ठिबक तिथे दिसणार नाही, ओलिताला नियमांची बंधनं आहेत. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. एप्रिलची खरड आणि पावसाळ्यानंतरची गोडी हा आपला दोन छाटण्यांचा हिशेब तिथे लागूच नाही. शँपेनमध्ये तर तोडणी हातानेच करायचा नियम आहे.

एक लक्षात ठेवा: वेलीची काडी किंवा माती आणायचा मोह टाळा. आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याच्या) प्रमाणपत्राशिवाय ती विमानतळावरच जप्त होईल. बागेत घातलेले बूटही तिथेच धुऊन घ्या.