भाडेकरूच्या कुंडीत गांजा निघाला तर घरमालकाचं काय?

राजवाडा_४५२
इंदूरला भंवरकुआंजवळ घर आहे, वरचा मजला कोचिंगच्या मुलांना दिलाय. गच्चीत टाकीच्या मागे दोन कुंड्या, दोन-अडीच फुटांची रोपं, पंजासारखी पानं. मुलगा म्हणतो, "काकू, अंबाडी आहे." खरंच गांजा असला तरी दोन झाडांनी काय होतं? की गुपचूप उपटून टाकू?

कुंडीबाज
अंबाडीवरून फसगत होते खरी. पान तोडून देठाजवळ बघा. अंबाडीचं पान कितीही कापलेलं असलं तरी बुडाशी एकसंध असतं. गांजाच्या पानाला पाच-सात सुट्या पात्या एकाच बिंदूतून फुटतात, कडा करवतीसारख्या. त्याची खालची पानं खोडावर समोरासमोर येतात, अंबाडीची एकाआड एक. अंबाडीला मोठं फिकट पिवळं फूल, आत गडद लाल ठिपका. गांजाला पाकळ्याच नसतात. आणि चुरगळल्यावर येणारा उग्र वास लपत नाही.

वकील_साहेब
"दोनच झाडं" हा बचाव नाही. १ किलोपर्यंत कमी शिक्षा आणि २० किलोच्या वर व्यापारी प्रमाण म्हणून सर्वात कडक शिक्षा, ही उतरंड जवळ सापडलेल्या गांजाची. झाड लावण्याला एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायदा, १९८५ चं कलम २०(ए) लागतं, त्यात वजनाचा प्रश्नच नाही: १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. स्वतःपुरतं लावलं, ही सूटही नाही.

मालकाला कलम २५. आपल्या जागेत गुन्हा होतोय हे माहीत असून होऊ दिला, तर शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच. म्हणजे काकू, सगळं अडतं "माहीत असून" वर, आणि तुम्ही आता कुंड्या पाहिल्या आहेत. त्यात कलम ३५ मुळे न्यायालय आरोपीचा हेतू गृहीत धरतं. तो नव्हता हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. कलम ४६ जमीनधारकावर बेकायदा लागवड तात्काळ कळवायची जबाबदारी टाकतं. ते शेतापुरतंच आहे असं धरून बसू नका.

उपटून टाकू नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप वेगळा, आणि हातात झाड घेऊन सापडलात तर ताबा तुमचाच दिसेल.

मालवा_मिसळ
पण भांगेची दुकानं तर इथे परवान्यावर चालतात! मग झाड का नाही?

वकील_साहेब
गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात नाहीत. म्हणून पानांची भांग राज्याच्या अबकारी खात्याकडे. झाडाची व्याख्या मात्र वेगळी आहे: कॅनॅबिस वंशातलं कोणतंही झाड, नर असो वा मादी. मंदसौर-नीमचला परवान्यावर पिकते ती अफू, तिचा इथे संबंध नाही.

आता करायचं काय: तारीख-वेळेसह फोटो काढा, कुंड्यांना हात लावू नका. ठाण्यात लेखी अर्ज द्या. "गांजा आहे" असं छातीठोक लिहू नका. "गांजाची असल्याचा संशय आहे" एवढंच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. पोचपावती नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. १९३३ हा मानस या केंद्र सरकारच्या अंमली पदार्थविरोधी हेल्पलाइनचा नंबर आहे, पण तो अर्जाला पर्याय नाही. भाडेकरार, किरायेदार सत्यापनाची (भाडेकरूच्या पोलिस पडताळणीची) प्रत सोबत जोडा.

गच्चीची किल्ली कोणाकडे, पाणी कोण घालतं, हेही अर्जात येऊ द्या. ताबा कोणाचा हे पुढे त्यावरूनच ठरतं.

कुंडीबाज
आणि पोलिस येईपर्यंत पाणी तुम्ही घालू नका!