सॉकेटवरून ४४३ ला रिक्वेस्ट पाठवली की ४०० येतंय

गच्चीवरचा पाऊस (परळ)
चाळीच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवलाय. ०.२ मिलिमीटर पाणी साठलं की आतली छोटी डोणी टक्कन उलटते, रास्पबेरी पाय झिरो (छोटा कॉम्प्युटर) ते मोजतो आणि माझ्या सर्व्हरला पाठवतो. तयार लायब्ररी नकोय, पायथॉनच्या सॉकेटवरूनच (नेटवर्क जोडणीचं कच्चं टोक) करायचंय. आत काय घडतं ते मला बघायचंय. पोर्ट ८० वर ३०१ येतो, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर जा. पोर्ट ४४३ केला तर ४००, म्हणजे रिक्वेस्ट चुकीची; म्हणे साधी एचटीटीपी रिक्वेस्ट एचटीटीपीएस पोर्टवर आली. हिंदमाताला पाणी भरायच्या आत हे चालू व्हायला हवं.

विरार फास्ट
अरे, पोर्ट बदलून मजकूर एन्क्रिप्ट होत नाही. टीसीपी जोडणी झाली की आधी टीएलएसचा हँडशेक (एन्क्रिप्शन ठरवायची बोलणी), मग तुझी पोस्टची ओळ. एसएसएल मॉड्यूलचा डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट घे, त्याच्या रॅप_सॉकेटला तुझा सॉकेट दे. सर्व्हर_होस्टनेम द्यायचंच. एका आयपीवर अनेक साइट असतात, कुठलं सर्टिफिकेट (साइटचं ओळखपत्र) दाखवायचं ते सर्व्हर त्या नावावरून ठरवतो. रिक्वेस्टमध्ये साइटचं नाव सांगणारा होस्ट हेडर त्याशिवाय वेगळा. आणि नुसतं एसएसएल.रॅप_सॉकेट लिहू नकोस, ते पायथॉन ३.१२ मधून काढलंय.

हेडर संपले की एक रिकामी ओळ हवी. ती राहिली म्हणून मी एकदा विरारपासून दादरपर्यंत अडकले होते. मी उत्तराची वाट बघत होते, सर्व्हर पुढच्या हेडरची.

गच्चीवरचा पाऊस
ताई, लॅपटॉपवर २०० आला, म्हणजे जमलं! पण पायवर 'सर्टिफिकेट अजून वैध नाही' म्हणतोय. तपासणी बंद करू?

जुना सिसॅडमिन
मुळीच नको. मजकूर एन्क्रिप्टच जाईल, पण कुणाकडे जातोय हे कळणार नाही. मधे बसलेला कुणीही स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करून तुझा पासवर्ड घेईल. आधी पायवरची तारीख बघ. झिरोला बॅटरीवरचं घड्याळ नसतं. चालू केला की तो शेवटच्या नोंदवलेल्या वेळेपासून पुढे जातो, आणि तुझी स्क्रिप्ट एनटीपीने नेटवरून वेळ जुळवायच्या आधी धावत असणार. सिस्टीमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस चालू करतो तो) तिला टाइम-सिंक टार्गेटच्या मागे लाव. टाइम-वेट-सिंक सर्व्हिसही चालू कर, नाहीतर ते टार्गेट वेळ जुळायची वाट बघत नाही.

गच्चीवरचा पाऊस
काका, तारीख ११ मार्च होती! पाय तेव्हापासून डब्यातच पडून होता आणि सर्टिफिकेट मे महिन्यातलं. तुम्ही सांगितलंत तसं केलं. आत्ताच १२.४ मिलिमीटर गेला.