पतसंस्थेची 89-अ तपासणी: दोनच अधिकारी असतील तर पथक कसं लावावं?

तालुका_निबंधक: चार शाखांच्या पतसंस्थेची सहकारी संस्था कायद्याच्या कलम 89-अ खाली (निबंधकाने संस्थेचं कामकाज तपासण्याचं कलम) तपासणी करायची आहे. व्यवहार सगळा कोअर बँकिंगवर (सर्व शाखा जोडणाऱ्या संगणक प्रणालीवर). कार्यालयात सहकार अधिकारी दोनच, आणि कलम 101 चे थकीत कर्जांचे वसुली दाखले, सावकारी परवाने, गृहनिर्माण संस्थांच्या तक्रारी त्यांच्याच टेबलावर. कर्जखात्यांचा डेटा वाचायची सवय दोघांनाही नाही. जादा माणूस मिळणार नाही हे धरून सांगा.

पॅनेलवरचा_सीए: दोघांना चार शाखांत विखरू नका. मुख्य कार्यालयात एक आणि सोनेतारण सर्वांत जास्त असलेल्या शाखेत एक, दोघंही एकाच वेळी, काउंटर उघडायच्या आत. पहिल्या तासात रोकड मोजा, नोटांचा तपशील लिहून रोखपालाची सही घ्या.

तिसरा माणूस आकड्यांचा हवा. जिल्हा विशेष लेखापरीक्षकांकडून एक लेखापरीक्षक लेखी मागून घ्या. ज्याने त्या संस्थेचं वैधानिक लेखापरीक्षण केलंय तो मात्र नको. 2013 च्या दुरुस्तीनंतर लेखापरीक्षक संस्थेची वार्षिक सभाच निवडते, त्यामुळे ही काळजी घ्यावीच लागते.

डेटा_आणि_ताळेबंद: संस्थेने दिलेली एक्सेल यादी ग्राह्य धरू नका. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या 2019 च्या प्रकरणात 21,049 बनावट खाती बँकेच्या प्रणालीत नव्हतीच, ती फक्त रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत होती, असं फिर्यादीत नमूद आहे. म्हणून कर्ज खतावणी (प्रत्येक कर्जदाराच्या खात्याची नोंद) तुमच्या माणसासमोर सर्व्हरवरून काढून घ्या आणि तिची बेरीज त्याच दिवशीच्या तेरजेशी (सर्व खात्यांच्या शिलकांच्या गोषवाऱ्याशी) जुळवा. जुळली नाही तर पुढे जाऊ नका, फरक आधी शोधा.

मग 20 मार्च ते 10 एप्रिलमधली नवी कर्जं वेगळी काढा. नव्या कर्जाच्या रकमेतून त्याच घरातलं जुनं थकीत खातं बंद झालं असेल तर ती वसुली नव्हे, कर्ज फिरवलंय. थकबाकी अशीच कमी दिसते. यानंतर मोबाइल नंबर आणि जामीनदार यांवर यादी लावा. एकच नंबर दहा कर्जदारांना असेल तर पैसा एकाच हातात गेल्याचा संशय धरा आणि रक्कम कुठे वळती झाली ते पाहा. मागच्या तारखेच्या नोंदी कोणत्या युजर आयडीने झाल्या तेही काढा, कारण पुढे जबाबदारी त्यावरच ठरते.

बाहेरच्या बँकेतल्या गुंतवणुकीची खातरजमा पावत्या बघून होत नाही. पत्र त्या बँकेला थेट पाठवा, उत्तर तुमच्या कार्यालयात येऊ द्या.

तालुका_निबंधक: सोन्याची पाकिटं सगळी फोडायची का? संस्थेचा सराफ चालेल?

पॅनेलवरचा_सीए: मोजायची सगळी. फोडायची निवडक: मोठ्या रकमेची, वारंवार नूतनीकरण झालेली, आणि कर्मचारी किंवा पिग्मी एजंटांच्या नावावरची. सराफ बाहेरचाच. संस्थेच्या सराफाने स्वतःचंच मूल्यांकन तपासण्यात अर्थ नाही. वजन कर्जदाराच्या पावतीशी ताडा, पंचनामा करून पाकिटं पुन्हा सील करा.

कलम_88: अहवाल लिहिणारा माणूसही आधीच ठरवा, तिथेच बहुतेक मेहनत वाया जाते. ‘कर्जवाटपात अनियमितता आढळली’ या वाक्यावर कलम 88 खाली (संस्थेचं नुकसान जबाबदार व्यक्तींकडून भरून घेण्याचं कलम) कोणाकडूनही रुपया वसूल होत नाही. खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, ठराव क्रमांक, हजर संचालक, तारण, आजची येणे बाकी असा तक्ता प्रत्येक खात्याला हवा. पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेसारखं 5 लाखांचं विमा संरक्षण नाही. ठेवीदाराला जे परत मिळेल ते या तक्त्यावर उभ्या राहिलेल्या वसुलीतूनच.